सूर्य फुकट, खांब किलोवर

छतावर सौर पॅनेल बसवायचं ठरलं की घरात पहिले काही दिवस वातावरण फार शास्त्रीय असतं. मोनो, बायफेशियल, हाफ-कट, ऑन-ग्रिड हे शब्द चहाच्या कपांबरोबर फिरत राहतात. मग विक्रेत्याचं कोटेशन येतं. पॅनेल, इन्व्हर्टर, केबल, नेट मीटर या ओळींवरून कर्त्या पुरुषाची नजर नुसती घसरत जाते. खालून दुसऱ्या ओळीवर मात्र ती थबकते : 'उंच स्ट्रक्चर – जादा'. आणि पुढे एक आकडा.

"हे स्ट्रक्चर म्हणजे काय?"

"पॅनेल ज्यावर बसतात ते. पाईपचे खांब, वर आडवे चॅनेल."

"पाईप म्हणजे लोखंडी पाईप?"

"हो. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला."

"पाईपचे एवढे?"

त्या क्षणी घरातला सौरऊर्जा हा विषय संपतो आणि पाईप हा विषय सुरू होतो. प्रसंग पुण्यात धायरीकडच्या एका दोन मजली घरातला असला तरी तो नाशकात, सांगलीत, नागपुरातही याच संवादांसह घडत असणार. तेव्हा या गृहस्थांना नाव न देता नुसतं 'काका' म्हटलेलं बरं.

पॅनेलच्या किमतीवर काका काही बोलले नाहीत, कारण सिलिकॉनविषयी कोणाला मत नसतं. पुण्यासारख्या शहरातही नसतं, यावरून विषय किती अवघड आहे ते कळावं. खऱ्या अर्थाने उपयोगी पडेल असा पहिला सिलिकॉन सौरघट १९५४ साली अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये तयार झाला. १९७७ च्या सुमाराला त्याची किंमत वॉटमागे ७६ डॉलर होती. आज डॉलरचा एक लहानसा हिस्सा पुरतो. शास्त्रज्ञांच्या दोन-तीन पिढ्यांनी आधीच एवढी घासाघीस करून ठेवल्यामुळे काकांना तिथे वावच उरला नव्हता.

पाईपचं तसं नाही. पाईप प्रत्येकाने पाहिलेला असतो. पाण्याचा, झेंड्याचा, मांडवाचा, शाळेतल्या सिंगलबारचा. जे पाहिलंय ते आपल्याला कळतं, आणि जे कळतं ते इतरांपेक्षा स्वस्त मिळालंच पाहिजे, या दोन पायऱ्या मराठी मध्यमवर्गीय माणूस एका ढांगेत चढतो.

वास्तविक खर्चाचा मोठा भार सरकारने उचललेलाच होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, असं तीन किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. त्यापुढे कितीही किलोवॉट लावा, आकडा ७८ हजारांवरच थांबतो. अनुदान हवं तर घट भारतात बनलेले हवेत, विक्रेता नोंदणीकृत हवा. खांब किती उंच असावा हा निर्णय मात्र घरातल्यांचा. आणि घरात काकू असतात.

"गच्ची मला मोकळी हवी. पापड, कुरडया, सांडगे कुठे घालू? वाकून चालावं लागणार असेल तर मी वर पाय ठेवणार नाही."

या एका वाक्याने दोन-तीन फुटी साधं स्ट्रक्चर बाद झालं आणि पुढचे खांब आठ फुटांचे झाले. मागचे त्याहून उंच, कारण पॅनेल दक्षिणेकडे कललेलं हवं. पुण्याचा अक्षांश साडेअठरा, म्हणून कलही साधारण तेवढाच. पॅनेलची लांबी साडेसात फुटांच्या घरात असल्याने मागची बाजू दोन-सव्वादोन फूट वर जाते. काकांनी वहीत आकृती काढली : पुढे आठ फुटांचे तीन, मागे दहा फुटांचे तीन, एकूण सहा खांब. आकृतीत सूर्यही काढला, त्याला किरणं काढली.

विक्रेता समंजस होता. "काका, स्ट्रक्चर तुम्ही करून घेत असाल तर घ्या. पण मग पॅनेलची जबाबदारी माझी आणि खांबांची तुमची."

काकांना यात धोका दिसला नाही. सन्मान दिसला.

भवानी पेठेतल्या पहिल्याच दुकानात काकांनी खिशातून टेप काढली. दुकानदार अशा टेपांना सरावलेला असतो.

"दोन इंची जीआय पाईप आहे?"

"आहे की."

काकांनी मोजला. "हा तर सव्वादोन इंच एक सूत भरतोय."

"दोन इंचीच आहे तो."

"मग बाहेरून नसेल, आतून दोन इंच असेल."

"आतूनही थोडा जास्तच असतो."

हे दुकानदाराने गमतीने सांगितलं नव्हतं. दोन इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या पाईपचा बाहेरचा व्यास ६०.३ मिलिमीटर असतो आणि मध्यम जाडीच्या पाईपची आतली पोकळी सुमारे ५३ मिलिमीटर. दोन इंच म्हणजे ५०.८. सबंध पाईपभर टेप फिरवली तरी दोन इंच कुठेच सापडत नाहीत. हे माप पाण्यासाठीच्या पोकळीवरून पडलेलं आहे आणि नाव म्हणून चिकटून राहिलं आहे.

"मग याला सव्वादोन इंची का नाही म्हणत?"

"सव्वादोन इंची मागितला तर कोणाकडेच मिळणार नाही, काका."

मग चौकोनी पाईप निघाला. तो बाहेरून मोजतात, त्यामुळे स्वभावाने सरळ. पण त्याची जाडी गेजमध्ये. "सोळा गेज आहे, अठरा आहे," दुकानदार म्हणाला. काकांनी उदारपणे अठरा सांगितला. आयुष्यभर टिकायची वस्तू, तिथे दोन गेजांसाठी कशाला हात आखडायचा? गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो हे त्यांना कळेपर्यंत चहा आला होता. चौदा गेज म्हणजे दोन मिलिमीटर, सोळा म्हणजे एक पूर्णांक सहा, अठरा म्हणजे एक पूर्णांक दोन. ज्याने ही पद्धत काढली त्याने आयुष्यात कधी पेन्शनीतून खरेदी केली नसावी.

गोल पाईपात पुन्हा तीन जाती. भारतीय मानक १२३९ प्रमाणे लाईटला पिवळा पट्टा, मीडियमला निळा, हेवीला लाल. दोन इंची सहा मीटर नग लाईटमध्ये साडेचोवीस किलोच्या आसपास, मीडियममध्ये तीस, हेवीमध्ये सदतीस. हिरण्यकशिपूने एक तडाखा दिला आणि ज्या खांबातून नरसिंह बाहेर आला, त्या खांबावर पिवळा पट्टा असणार याबद्दल प्रस्तुत लेखकाच्या मनात शंका नाही.

यापुढचा पेच आणखी बारीक. काही दुकानं पाईप नगावर विकतात, काही किलोवर. नगावर घेतला तर हलका पाईप स्वस्त वाटतो. किलोवर घेतला तर सगळ्यांचा भाव सारखा दिसतो, आणि भाव सारखाच असेल तर बिल कमी व्हावं म्हणून माणूस पुन्हा हलक्याकडेच वळतो. दोन्ही वाटा पिवळ्या पट्ट्यापाशी येऊन मिळतात. काकांनी दोन्ही वाटांनी जाऊन पाहिलं.

दरम्यान बातमी तळजाईच्या टेकडीवर पोचली होती. सकाळी फिरायला येणाऱ्यांमध्ये निवृत्त बँकवाले, निवृत्त प्राध्यापक आणि एक निवृत्त तहसीलदार असतात. पाईपच्या धंद्यात कोणीही कधी नव्हता, त्यामुळे चर्चा मोकळेपणाने झाली.

प्राध्यापकांनी परांचीचे जुने पाईप सुचवले. बांधकाम संपलं की ठेकेदार ते काढतो. काका पाहून आले. पाईप दीड इंची, म्हणजे बाहेरून ४८.३ मिलिमीटर, आणि इतक्या इमारतींचं सिमेंट अंगावर घेतलेले की वजनकाट्यावर निम्मं काँक्रीटच विकत घ्यावं लागेल. त्यातले सरळ किती, असं विचारल्यावर ठेकेदार म्हणाला, "तुम्ही ज्या बाजूने बघाल त्या बाजूने सरळ आहेत."

बँकवाल्यांनी जुना बाजार सुचवला. मंगळवार पेठेत भरणारा हा बाजार बुधवारी आणि रविवारी असतो. काका रविवारी गेले आणि पितळी अडकित्ता, चालू स्थितीतला नसलेला व्हॉल्व्हचा रेडिओ आणि एक पाना घेऊन आले. पाना पाईपचा होता, एवढंच काय ते विषयाशी जुळलं.

तहसीलदारसाहेबांचं म्हणणं, रेल्वेच्या रुळाचा तुकडा मिळवा. गावोगाव रुळाचे तुकडे खांब म्हणून उभे असतात, त्यांना काही होत नाही. हेही खोटं नाही. पण आपल्या रेल्वेचा रूळ मीटरला ५२ किंवा ६० किलोचा असतो. दहा फुटांचा एक तुकडा दीडशे किलोच्या पुढे जातो, आणि काकांच्या सहाही पॅनेलचं मिळून वजन साधारण तेवढंच. शिवाय पावती नसलेला रूळ घरात सापडला तर १९६६ चा रेल्वे मालमत्तेचा कायदा लागू होतो. त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पॅनेलला पंचवीस वर्षांची वॉरंटी आणि खांबाला पाच वर्षांची सक्तमजुरी, हा मेळ काकूंना पसंत पडला नाही.

मग ह्यूस्टनहून भाच्याचा फोन आला. टेक्सासमध्ये तेलविहिरींसाठी वापरून झालेले ड्रिलिंगचे पाईप स्वस्तात मिळतात, रँचवाले त्यांचीच कुंपणं करतात, लोक सौर पॅनेलच्या खांबांनाही तेच वापरतात, असं सांगून त्याने फोटोही पाठवले. पाईप खरोखर देखणे होते.

"मामा, तिकडे बघ ना असे मिळतात का."

"धायरीत तेल लागलं की बघतो."

तरी भाच्याच्या कल्पनेला देशी जोड होती. आपल्याकडे तेल नसलं तरी बोअर आहेत. बोअरमध्ये पंप टांगायला पूर्वी सर्रास जीआय पाईप सोडत. आता प्लास्टिकचे पाईप आल्यामुळे जुने लोखंडी पाईप भंगारात येतात. आटे पाडलेले, कपलिंगसकट, आणि बाहेरून ठणठणीत. काका हरखले. बरोबरच्या वेल्डरने मात्र पाईपला हातोडीने दोन ठोके दिले, आवाज ऐकला आणि पाईप उभा केला. आतून लाल भुकटी पडली. बरीच पडली.

"आतून कोण बघणार आहे?" भंगारवाल्याने विचारलं.

खेड्यात हा सगळा खटाटोप कोणी करत नाही. तासगावकडच्या द्राक्षबागायतदाराच्या बांधावर बागेच्या मांडवाचे लोखंडी अँगल आणि तारा पडलेल्याच असतात; एखादं जास्तीचं पॅनेल बसवायचं तर तो दुकानात न जाता बांधावर जातो. कोकणात लोखंडाचं आणि खाऱ्या वाऱ्याचं जुनं वैर आहे. तिथे अंगणातला मांडव पोफळीवर उभा राहतो आणि टिकाऊ काही हवं असेल तर चिऱ्याचा खांब बांधता येतो, ज्याला गंज म्हणजे काय हे ठाऊक नाही. कोकणातला खरा प्रश्न वेगळाच : पॅनेलवर वानर उडी मारतो, आणि त्याला कोणत्याही मानकात पट्टा नाही.

पुण्यात परत येऊ. काकांचं मन लाईटच्या पाईपावर जवळजवळ बसलं होतं. हिशेब सोपा होता : एक पॅनेल २८ किलोच्या आसपास, सहा पॅनेलचे १६८, ते सहा खांबांवर वाटले तर खांबाला २८. एवढं वजन तर नातवाचंही आहे आणि तो झाडाच्या फांदीवर बसतो.

शेजारच्या बंगल्यातली मुलगी स्ट्रक्चरल इंजिनिअर. ती गच्चीवर येऊन आकृती बघून गेली, सूर्याच्या किरणांसकट.

"काका, खांब पॅनेल पेलायला नसतो. पॅनेल उडून जाऊ नये म्हणून असतो."

"उडून?"

"वाऱ्याने."

वाऱ्याचं भारतीय मानक ८७५, भाग तीन. त्यात पुण्याला आणि नाशिकला वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात, मुंबईला आणि नागपूरला ४४. एकोणचाळीस म्हणजे ताशी १४० किलोमीटर. काकांची स्कूटर चाळीसच्या वर कधी गेलेली नाही, त्यामुळे त्यांना ते अंगावर घेता आलं नाही. मुलीने कागदावर मांडून दाखवलं : एवढ्या वाऱ्याचा ढोबळ दाब दर चौरस मीटरला नव्वद किलोच्या पुढे, सहा पॅनेलचं क्षेत्रफळ साडेपंधरा चौरस मीटर, म्हणजे गुणाकार चौदाशे किलोंच्या घरात. उंचीचे, कलाचे, आजूबाजूच्या इमारतींचे गुणक अजून लागायचेच होते. काकांनी स्वतःच विषय काढला, की ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्याला लागलं तेव्हा त्यांच्या श्रीवर्धनच्या आतेभावाच्या घरावरचे पत्रे तिसऱ्या वाडीत सापडले होते.

"त्यांचे खांब कोणत्या क्लासचे होते?" मुलीने विचारलं.

"खांब जागेवरच होते. पत्रेच गेले."

"म्हणजे बोल्टकडेही बघायला हवं."

बोल्टचं ऐकून काका नव्या उमेदीने उठले. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, ३०४ ग्रेडचे हवेत आणि त्यांना लोहचुंबक सहसा चिकटत नाही, हे त्यांनी कुठेसं वाचलं. त्यांनी फ्रिजवरचा गणपतीचा चुंबक काढून खिशात टाकला आणि दुकानं तपासली. एका दुकानात बोल्टला चिकटला नाही म्हणून समाधान वाटलं. घरी येऊन पॅनेलच्या चौकटीला लावला, तिथेही चिकटला नाही, म्हणून विक्रेत्याला रात्री फोन गेला.

"तुमच्या पॅनेलची फ्रेम लोखंडाची नाहीच!"

"ॲल्युमिनियमची आहे, काका."

"मग ठीक आहे."

खांब स्लॅबला भोकं पाडून बसवायचे नाहीत यावर सगळ्यांचं एकमत होतं. पुण्यात माणूस एक वेळ जमिनीची कागदपत्रं दुसऱ्याच्या हातात देईल, पण वॉटरप्रूफिंग केलेल्या गच्चीला ड्रिल लावू देणार नाही. मग उपाय म्हणजे काँक्रीटचे ठोकळे. दीड फूट लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच ठोकळा सव्वादोनशे किलोच्या पुढे भरतो. सहा ठोकळ्यांचे साडेतेराशे किलो. ते तुळयांच्या रेषेवर येतील असं मुलीने आखून दिलं. काकूंना गच्चीची काळजी वाटली. गच्चीवरची हजार लिटरची टाकी भरली की पाण्याचेच हजार किलो होतात, आणि ती पंधरा वर्षं डोक्यावर आहे, हे कोणी बोलून दाखवलं नाही तेच बरं झालं.

आता निळ्या पट्ट्याचा पाईप पक्का झाला आणि उरला फक्त भाव. कोणीतरी म्हणालं, मोठा बाजार कळंबोलीला. मुंबईतला लोखंडाचा व्यापार कर्नाक बंदरावरून तिकडे हलला, तेव्हा मूळ भाव तिथलाच. काकांनी फोन लावला.

"किती माल हवाय?"

"दोनशे किलो. पाईप, आडवे चॅनेल, सगळं धरून."

पलीकडे थोडा वेळ कोणी बोललं नाही. "काका, दोनशे किलो आमच्याकडे झाडताना निघतो."

जालन्यालाही विचारून झालं. तिथे लोखंडाचे मोठे कारखाने आहेत हे खरं, पण ते सळईसाठी. काकांनी "सळई नको, पोकळ हवं" एवढं म्हणून फोन ठेवला. शेवटी भोसरीत किलोमागे तीन रुपये कमी भाव मिळाला. दोनशे किलोला सहाशे रुपये वाचले. भोसरीहून धायरीला छोटा हत्ती आला त्याचे बाराशे आणि वीस फुटी पाईप सात फुटी हौद्यातून मागे किती बाहेर आला, यावरून वाटेत एका चौकात झालेल्या चर्चेचे वेगळे.

बिलाच्या वेळी काकांना शेवटची युक्ती सुचली. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाचवर आला आहे. पाईपवर मात्र अठरा.

"हे सौर पाईप म्हणून बिल करा ना. सौरलाच लागणार आहेत."

"काका, तुम्ही कुठे नेणार हे पाईपला माहीत नसतं."

वेल्डर आला. काकांनी कापण्याचं वेळापत्रक वहीत लिहूनच ठेवलं होतं. तीन पाईप, प्रत्येकी वीस फूट. पहिल्यातून दहा आणि दहा. दुसऱ्यातून दहा आणि आठ. तिसऱ्यातून आठ आणि आठ. सगळे मिळून चोपन्न फूट, साठातून सहा फूट शिल्लक. इतका काटेकोर हिशेब त्यांनी स्वतःच्या मुलीच्या लग्नातही केला नव्हता.

वीस फुटी पाईप मात्र सहा मीटरचा असतो. सहा मीटर म्हणजे एकोणीस फूट आठ इंच. पहिल्या पाईपचे दोन तुकडे प्रत्येकी नऊ फूट दहा इंचांचे निघाले, दुसऱ्यातून कापलेला खांब मात्र पूर्ण दहा फूट. मागच्या तीन खांबांपैकी एक दोन इंच उंच. काका वही घेऊन खुर्चीवर बसले. बुटक्या दोन ठोकळ्यांना वर दोन इंच काँक्रीट द्यावं, की जाड प्लेटा आणाव्यात, की पाईपला दोन इंचांची जोड लावावी? प्लेटांसाठी ते भवानी पेठेत जायला उठलेही.

वेल्डर विडी विझवून म्हणाला, "तिसऱ्याचेच दोन इंच कापू की."

काकांनी परवानगी दिली, पण त्यांना ते बरं वाटलं नाही. विकत घेतलेलं लोखंड असं सरळ कापून टाकायचं म्हणजे काय?

वेल्डिंगची ठिणगी जिथे लागते तिथलं जस्त जळून जातं आणि नंतरचा गंज नेमका त्याच सांध्यावर येतो. म्हणून अख्खी चौकट आधी जोडून मग वितळलेल्या जस्तात बुडवून काढणं सगळ्यांत चांगलं. ते जस्त साडेचारशे अंशांच्या आसपास तापलेलं असतं आणि त्याचा हौद घरी येत नाही. मग जस्ताचा रंग जाडसर लावायचा. वेल्डरकडे त्याऐवजी चंदेरी रंगाचा डबा होता, आणि तो फासला की कोणतंही लोखंड लांबून जीआय दिसतं. काकांनी ऐनवेळी डबा हिसकावून घेतला. त्यांना दिल्लीचा लोहस्तंभ आठवत होता : सात मीटरांच्या वर उंच, सहा टनांच्या पुढे वजन, सोळाशे वर्षं उघड्यावर आणि गंज नाही. आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिलं, की त्या लोखंडात फॉस्फरस जास्त असल्याने पृष्ठभागावर संरक्षक थर तयार होतो. काकांनी भोसरीला फोन करून फॉस्फरसबद्दल विचारलं. तिकडून फोन मालकाकडे, मालकाकडून मुनीमजींकडे गेला आणि तिथे कट झाला.

तरीही एके दिवशी खांब उभे राहिले. समोरच्या गच्चीवरून एकाने "मोबाईल टॉवर घेतलात का?" असं विचारून घेतलं. विक्रेता आला, खांब हलवून बघितले, काही बोलला नाही, आणि पॅनेल चढवले. तीन ठिकाणी अर्थिंगचे खड्डे झाले. मीटर बदलला. मग विक्रेत्याने हळूच विचारलं, "काका, एखादा पाईप उरलाय का? वीजरोधकाला लागेल. तो सगळ्यांत उंच असतो."

उरले होते तुकडे. एक वीस इंचांचा, एक पावणेचार फुटांचा आणि एक दोन इंचांचा, जो काकांनी टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवला आहे.

एप्रिलमध्ये काकू कुरडया घेऊन गच्चीवर गेल्या. आठ फूट उंचीखालून ताठ मानेने चालता येत होतं, जागा मोकळी होती, चटया अंथरून झाल्या. दुपारपर्यंत कुरडया ओल्याच. सहा पॅनेलखाली सकाळपासून संध्याकाळपर्यंत गार सावली असते, ही गोष्ट आकृतीतल्या सूर्याने कोणालाच सांगितली नव्हती. सध्या वाळवण शेजारच्या इंजिनिअर मुलीच्या गच्चीवर होतं आणि काकू वर सावलीत खुर्ची टाकून बसतात.

वीजबिल आता नाममात्र येतं. ते कोणी पाहत नाही. पाहुणे आले की काका त्यांना वर नेतात आणि पॅनेलकडे न बघता खांबाशी उभं करतात. "हलवून बघा," म्हणतात. प्रत्येक पाहुणा हलवून बघतो. जावई दोन्ही हातांनी बघतो. परवा काकूंचे मामेभाऊ आले होते. त्यांनी खांबाला बोटाने टकटक केलं, कान लावला, पट्ट्याचा रंग विचारला.

"काय भाव पडला?"

काकांनी भोसरीचा भाव सांगितला. टेम्पो, हमाली, वेल्डिंग, ठोकळे आणि चौकातली चर्चा त्यात नव्हती.

मामेभाऊंनी मान हलवली. "मला आधी बोलायचं ना. चाकणला माझ्या ओळखीचा एक आहे."